घोडीसाठी खुराचे बूट घ्यायचेत, माप नेमकं कसं घ्यायचं?

भीमाकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे एक भीमथडी घोडी आहे, सावळी. उंची १३२ सेंटिमीटर, अंगाने मजबूत. आधी धनगर कुटुंबाकडे ओझं वाहायची, त्यामुळे चालायची सवय भरपूर. तिला आजवर नाल मारलेला नाही. शेतात, मुरमाच्या रस्त्यावर ती मस्त चालते. पण आमच्या घाटरस्त्यावर नवीन खडी टाकलीय आणि तिथे ती पाय जपून टाकते, कडेची गवताची पट्टी शोधत राहते. चांगला नालबंद इथे फार लांबून आणि क्वचित येतो, म्हणून नाल मारून त्याच्या फेऱ्यांवर अवलंबून राहायचं नाहीये.

चुलतभाऊ दिवाळीत ऑस्ट्रेलियातून येतोय. तो हूफ बूट आणू शकतो, पण दुकानवाले रुंदी आणि लांबी मिलिमीटरमध्ये मागतात. एकदा आणले की परत पाठवायचा प्रश्नच नाही, टपालखर्चच बुटांच्या किमतीला जाऊन भिडेल. त्यामुळे माप पहिल्याच वेळी बरोबर हवंय. खुराची रुंदी नेमकी कुठून कुठे? लांबी टाचेपर्यंत म्हणजे कुठल्या टाचेपर्यंत? आणि पुढचे दोनच पुरतील की चारही घ्यावेत?

रानवारा

ताई, आमच्या रायडिंगच्या ग्रुपमध्ये एकाने घोड्याची उंची कळवली आणि दुकानदाराने त्यावरून साइज पाठवला. तुमची घोडी १३२ म्हणजे पोनीच्या गटात बसेल. लहानातला दुसरा नंबर मागवून बघा.

पागेवाले तात्या

रानवारा, उंचीवरून कधीच घेऊ नका. एकाच उंचीच्या दोन घोड्यांच्या खुरांत दोन साइजचा फरक मी नेहमी बघतो. काठेवाडी घोडा उंच असून खूर लहान आणि उभट असू शकतो, आणि ओझ्याचा बुटका तट्टू बशीएवढे खूर घेऊन उभा असतो. जात, वय, उंची, वजन यातलं काहीही बुटाच्या साइजला उपयोगी नाही. उपयोगी आहे फक्त जमिनीला टेकणारा खुराचा तळ.

ताई, तुम्ही मागवायच्या आधी विचारलंत हे फार चांगलं झालं. सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, माप खूर साफ करून, कापून, कानस मारल्यावर घ्यायचं. त्याच दिवशी, फार तर पुढच्या दोन-तीन दिवसांत. वाढलेल्या खुराचं माप घेतलं की बूट मोठे येतात, आणि मोठा बूट छोट्या बुटापेक्षा जास्त त्रास देतो. छोटा चढतच नाही, विषय तिथेच संपतो. मोठा चढतो, चार पावलं छान चालतो आणि मग दुडकीत गोल फिरून बाजूला येतो.

घोड्याचा खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिमी वाढतो. ही वाढ सरळ खाली होत नाही, भिंतीच्या उतारावरून होते. पुढच्या पायाच्या भिंतीचा जमिनीशी कोन ५२ अंशांच्या आसपास धरला, तर ८ मिमी वाढीत खुराचं टोक जवळजवळ ५ मिमी पुढे सरकतं. बाजूच्या भिंती जास्त उभ्या असतात, तिथे दोन्हीकडून मिळून ३ मिमीच्या आसपास रुंदी वाढते. कितीतरी बुटांच्या दोन साइजमध्ये अंतरच एवढं असतं. म्हणून खूर कापल्याची तारीख मापाच्या शेजारी लिहून ठेवा.

रुंदी. पाय उचला, तळवा आकाशाकडे करा, मधल्या त्रिकोणी मऊ भागाच्या म्हणजे फ्रॉगच्या दोन्ही बाजूंच्या खाचा हुकने साफ करा. आता खुराचा सर्वांत रुंद भाग शोधा. तो बहुधा फ्रॉगच्या टोकाच्या थोडा मागे सापडतो. तिथे पट्टी आडवी ठेवून बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजा. टाचेच्या जवळ मोजू नका, टोकाजवळही नको.

लांबी. खुराच्या पुढच्या टोकाच्या मध्यापासून सुरुवात. शेवट कुठे, इथेच सगळा घोळ होतो. मागे ज्या दोन गुबगुबीत गाद्या दिसतात, ज्यांवर पुढे केस सुरू होतात, तिथपर्यंत मोजायचं नाही. खुराची कडक भिंत दोन्ही बाजूंनी मागे येऊन जिथे आत वळते, तो जमिनीवर वजन घेणारा शेवटचा कडक बिंदू म्हणजे आपली टाच. डाव्या आणि उजव्या टाचेच्या या दोन बिंदूंवर एक पट्टी आडवी टेकवा आणि टोकाच्या मध्यापासून त्या पट्टीपर्यंत दुसरी पट्टी सरळ धरा. सुताराचा गुण्या मिळाला तर उत्तम, काटकोन आपोआप सांभाळला जातो.

कापडी शिंप्याची टेप नको. ती खुराच्या खोलगट तळव्यात झोल खाते आणि ओढली की ताणते. स्टीलची पट्टी घ्या. इंचातला आकडा कुणी दिला तर २५.४ ने गुणा, "साडेचारच्या आसपास" असलं काही चालणार नाही.

चारही पाय मोजा. बूट दोनच घ्यायचे असले तरी पुढचे डावा-उजवा वेगवेगळे मोजा. प्रत्येक पाय खाली ठेवून, पुन्हा उचलून, दुसऱ्यांदा मोजा. दोन मापांत २ मिमीच्या वर फरक आला तर तिसऱ्यांदा.

अश्ववैद्य

तात्यांनी मापाचं छान सांगितलंय. मी त्याआधीची पायरी सांगते, कारण "खडीवर जपून चालते" हे वाक्य वाचून पशुवैद्य म्हणून मला राहवत नाही.

नाल नसलेला घोडा नवीन टोकदार खडीवर जपून चालणं हे स्वाभाविक असू शकतं. पण बूट मागवायच्या आधी एवढं तपासा. सपाट, कडक पण गुळगुळीत जागेवर, म्हणजे सिमेंटच्या अंगणात, सावळी सरळ आणि वळताना कशी चालते? तिथेही आखडत असेल, विशेषतः छोट्या वर्तुळात वळताना, तर ते खडीचं दुखणं नाही. हाताने खुराची भिंत चाचपा, एक खूर बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागतोय का आणि तो तसाच गरम राहतोय का बघा. घोट्याच्या मागे दोन्ही कडांना बोटं हलकी टेकवलीत की खुराकडे जाणारी नाडी लागते. निरोगी घोड्यात ती जेमतेम कळते. ती ठणठण उडत असेल तर खुरात दाह आहे.

घोडी पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभी राहत असेल तर लॅमिनायटिसची, म्हणजे खुराच्या आतल्या थराला होणाऱ्या दाहाची, शंका घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. पावसाळ्यानंतर हिरवा लुसलुशीत चारा, मानेवर चरबीचा कडक पट्टा, आणि जपून चालणं, हे तिन्ही एकत्र दिसले तर बुटांची खरेदी बाजूला ठेवा. लॅमिनायटिसमध्येही आम्ही मऊ पॅड घातलेले बूट वापरतो, पण ते उपचाराचा भाग म्हणून, आहार आणि औषधांबरोबर.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांनाही नाडी तपासायला शिकवता येते. घरातल्या सगळ्यांनी शिकून घ्या.

भीमाकाठची (धागाकर्ती)

डॉक्टर, मनापासून आभार. आज संध्याकाळीच सिमेंटच्या खळ्यावर चालवून, दुडकीत आणि दोन्हीकडे वळवून बघितलं. एकसारखी चालते, मान खाली-वर करत नाही. खूर गार आहेत, नाडी कशीबशी सापडली. मानेवर चरबी नाही. आमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर गुरुवारी गावात येतात, त्यांनाही दाखवते.

खूर कापणारे काका रविवारी येतायत. त्यानंतर माप टाकते.

दस्तुरीनाका

मी माथेरानला घोडे चालवतो. आमच्याकडे मोटारगाड्यांना बंदी आहे, दस्तुरीपासून पुढे माणूस पायी, रेल्वेने, ई-रिक्षाने नाहीतर घोड्यावर. जांभ्या दगडाची लाल मातीची वाट होती तोवर नालाला पकड मिळायची. पेव्हर ब्लॉक टाकल्यापासून उतारावर लोखंडी नाल घसरतो, पावसात तर जनावराचे मागचे पाय सुटतात. पाठीवर माणूस, बहुतेक वेळा लहान मूल. म्हणून मला या बुटांत रस आहे. दिवसभर चालतील का? आमचा घोडा सकाळी खोगीर चढवलं की संध्याकाळपर्यंत कामावर.

सॅक्रामेंटोकर

धागा वाचून फार आनंद झाला. मी कॅलिफोर्नियात लांब पल्ल्याच्या एन्ड्युरन्स रायडिंगमध्ये आहे आणि माझी अरबी घोडी बुटांवरच पळते. आमच्या भागातच टेव्हिस कपची शर्यत होते, सिएरा नेवाडा ओलांडून ऑबर्नपर्यंत १०० मैल, २४ तासांत. १९५५ पासून चालू आहे. सगळा रस्ता ग्रॅनाइट, खडक, दऱ्या, धूळ. तिथे बूट घातलेले घोडे नेमाने पूर्ण करतात, गोंदाने चिकटवलेल्या बुटांवर धावून घोडे जिंकलेही आहेत. म्हणजे वस्तू भक्कम आहे, शंका नको.

दस्तुरीनाका भाऊ, तुमच्या प्रश्नाला मात्र मी सरसकट हो म्हणणार नाही. पट्ट्याचे बूट रोज सकाळी घालायचे, दुपारी काढून आत खडा, वाळू, घाम बघायचा, रात्री काढून धुऊन वाळवायचे. दिवसभर उभं राहणं, चढ-उतार, पुन्हा उभं राहणं यात कातडी घासते. ओल्या गुळगुळीत फरशीवर रबरी तळ लोखंडापेक्षा बरा धरतो, पण चिखलाचा पातळ थर असेल तर रबरही घसरतं. त्यासाठी तळाला टंगस्टनचे छोटे खिळे बसवता येतात. माझा सल्ला, एकाच शांत घोड्यावर, मूल न बसवता, रोज थोडा वेळ वापरून बघा.

ताई, आता तुमच्या खरेदीबद्दल. तात्यांनी दोन आकडे सांगितले, त्यातून निघणारा तिसरा आकडा तेवढाच महत्त्वाचा आहे: लांबी वजा रुंदी. रुंदी आणि लांबी जवळपास सारखी असेल तर खूर गोल. लांबी ५-६ मिमीने किंवा जास्त मोठी असेल तर खूर लांबट. रुंदी लांबीपेक्षा जास्त असेल तर पसरट. प्रत्येक कंपनीच्या बुटाचा साचा यातल्या कुठल्यातरी एका आकारासाठी बनलेला असतो. टास्मानियातला स्कूट बूट, कॅनडातला कव्हालो, इकडचा ईझीबूट, रेनेगेड, हे सगळे चांगले आहेत, पण एका घोडीला चारही बसणार नाहीत. कव्हालोत त्याच नंबरात रेग्युलर आणि स्लिम असे वेगळे साचे मिळतात ते याचसाठी. लोक नंबर नीट निवडतात आणि साचा चुकतो. मग लांबीला बरोबर असलेला बूट रुंदीला सैल पडतो आणि पहिल्याच वळणावर फिरतो.

म्हणून आधी खुराचा आकार, मग मॉडेल, मग साइज. उलट्या क्रमाने जाऊ नका.

रानवारा

एक सोपा उपाय विचारतो. घोडीला पुठ्ठ्यावर उभं करून भोवती पेन्सिल फिरवली आणि तो कागद दुकानाला पाठवला तर?

पागेवाले तात्या

नको. पेन्सिलीची जाडी साधारण ७ मिमी. तिचा शिसा खुराच्या कडेपासून निम्म्या जाडीने बाहेर राहतो, म्हणजे दोन्हीकडून मिळून रुंदी ७ मिमीने फुगते. जरा तिरकी धरली की आणखी फरक. शिवाय वरून बघताना मागच्या मऊ गाद्याही रेषेत येतात, कडक टाच कुठे संपली ते कागदावर कळत नाही. आकार गोल की लांबट हे समजायला कागद ठीक, साइज ठरवायला अजिबात नाही.

फोटो मात्र पाठवा. तीन हवेत. एक तळव्याचा, कॅमेरा तळव्याच्या बरोबर समोर, पट्टी तळाच्या पातळीत टेकवून. पट्टी खुराच्या पुढे-मागे धरली की फोटोत आकडा खोटा दिसतो. दुसरा बाजूने, घोडी सपाट जागी उभी, कॅमेरा जमिनीवर ठेवून. तिसरा समोरून, तोही जमिनीवरून. बाजूच्या फोटोत टाच किती पुढे सरकलीय आणि खूर उभट की पसरलेला ते दिसतं. समोरच्या फोटोत भिंत खाली घंटेसारखी बाहेर फाकलीय का ते दिसतं.

ही फाकलेली कड फार फसवते. ती धरून मोजलं तर रुंदी जास्त येते, बूट त्या कडेवर अडकतो आणि वरचा भाग मोकळा राहतो. फाक कानशीने हळूहळू दोन-तीन खेपांत आत घ्यायची आणि मगच बूट. एका दिवसात सगळी काढायचा हट्ट धरणाऱ्या कारागिराला थांबवा.

कडेपठार

मध्येच विचारतो, राग मानू नका. आमच्या आजोबांपासून पागेत लोखंडी नाल चालत आलेत. नाल इतके वाईट असते तर शर्यतीच्या मैदानापासून पोलिसांच्या घोड्यांपर्यंत सगळ्यांनी वापरले असते का? हे बूट म्हणजे शहरी हौस वाटते.

पागेवाले तात्या

कडेपठार, नाल वाईट असतात असं इथे कुणी म्हटलेलं नाही, मी स्वतः नालाच्या घोड्यांवर वाढलोय. चांगल्या हाताने मारलेला नाल आणि दर पाच-सहा आठवड्यांनी येणारा नालबंद असेल तर खुशाल मारा. ताईंच्या गावात तो येत नाही. नाल मारला आणि तीन महिने कुणी फिरकलंच नाही तर खूर नालाबाहेर वाढतो, टाच दबते, खिळ्याच्या जागी भिंत चिरते. तिथे बूट चांगला, कारण ताई तो स्वतः काढू-घालू शकतात आणि घोडी बाकी वेळ मोकळ्या खुराने चालते.

आणि कल्पना शहरी म्हणाल तर रोमन लोक लोखंडाचं तळ असलेली, चामड्याच्या वाद्यांनी बांधायची खुराची वहाण वापरत. युरोपात उत्खननांत त्या सापडल्या आहेत, संग्रहालयांत ठेवल्या आहेत.

भीमाकाठची (धागाकर्ती)

रविवारी खूर कापून झाले. काकांनी टोक मागे घेतलं, कडा गोल केल्या. लगेच मापं घेतली, भावाने पाय धरला, मी गुण्या आणि स्टीलची पट्टी. प्रत्येक पाय दोनदा. सगळे आकडे मिमीमध्ये, आधी रुंदी मग लांबी:

पुढचा डावा ११० × ११६
पुढचा उजवा ११२ × ११६
मागचा डावा १०४ × ११५
मागचा उजवा १०४ × ११४

फोटो खाली जोडलेत. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गुरुवारी बघितलं, लंगडणं नाही, दाह नाही, तळवा पातळ आहे म्हणाले. खडीवर बूट वापरायला त्यांची हरकत नाही.

मागचे इतके अरुंद कसे? मी चुकीच्या जागी तर पट्टी धरली नाही ना?

पागेवाले तात्या

बरोबर मोजलंत. घोड्याचे पुढचे खूर गोलसर असतात, मागचे अरुंद आणि टोकाला निमुळते. पुढे वजन जास्त पेलायचं असतं, मागून ढकलायचं असतं. चारही सारखे आले असते तर मी पुन्हा मोजायला सांगितलं असतं.

फोटोवरून, पुढच्या उजव्याला बाहेरच्या बाजूला थोडी फाक उरलीय. ती गेली की तोही ११० ला येईल. म्हणजे पुढच्या दोन्हींसाठी ११० × ११६ धरा. फरक ६ मिमी, म्हणजे लांबटाकडे झुकलेला खूर. गोल साच्याचा बूट हिला नको.

टाच चांगली जागेवर आहे, पुढे सरकलेली नाही, हे फार मोलाचं. टाच पुढे घसरलेल्या घोड्यात लांबीचा आकडा लहान येतो, पण मागच्या गाद्या बुटाबाहेर लोंबत राहतात आणि मागचा पट्टा त्यांनाच कापतो.

सॅक्रामेंटोकर

छान मापं आहेत. आता कंपनीच्या तक्त्यात बघा. समजा एका साइजची रुंदी १०८ ते ११३ आणि लांबी ११३ ते ११८ लिहिलीय. तुमचे दोन्ही आकडे त्या मर्यादांच्या मध्यात बसतात, म्हणजे महिन्याच्या वाढीला जागा आहे. दुसऱ्या एका कंपनीच्या तक्त्यात १०५ ते ११० असेल तर तुम्ही काठावर आहात. ताज्या कापलेल्या खुराचं माप वरच्या काठावर आलं की तीन आठवड्यांत बूट चढायला त्रास देणार. तिथे मोठा घ्यायचा की दुसरं मॉडेल बघायचं, असा प्रश्न आला तर मी दुसरं मॉडेल बघेन.

दोन आकडे वेगवेगळ्या साइजमध्ये पडले, रुंदी लहान साइजमध्ये आणि लांबी मोठ्यात, तर लोक मधला काढतात. मधला साइज काढू नका. तो साचा तुमच्या घोडीचा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

प्रत्येक कंपनीचं मापाचं चित्र आधी उघडून बघा आणि लांबी त्यांनी कुठपर्यंत दाखवलीय ते ताडून घ्या. ईझीबूट ग्लोव्हसाठी इकडे फिट किट मिळतं, म्हणजे पट्टे नसलेले नुसते रबरी साचे. ते चढवून बघायचे आणि मग बूट मागवायचा. भाऊ राहतो तिथे कुणाकडे असे साचे उसने मिळाले तरी ते घोडीपर्यंत येणार नाहीत, त्यामुळे तुमच्या बाबतीत आकड्यांवरच भिस्त.

पुढचे दोनच घ्या. खडीचा मार पुढच्यांना जास्त बसतो आणि बऱ्याच घोड्यांचं तेवढ्यावर भागतं. मागच्यांसाठी १०४ × ११५ हा स्लिम साच्याचाच विषय आहे, तो पुढे बघता येईल. काही कंपन्या एकेक बूट सुटा विकतात हेही भावाला सांगून ठेवा.

अश्ववैद्य

तळवा पातळ आहे म्हणून आत पॅड घालायचा मोह होईल. ६ मिमीचा मऊ पॅड पातळ तळव्याला खरंच आराम देतो, पण तो बुटात जागा खातो आणि खूर वर उचलतो. वरची कड मग केस आणि खुराच्या सीमेवर घासू शकते. पॅड वापरायचाच असेल तर तो विचारात घेऊन साइज ठरवा, नंतर कोंबू नका.

भीमाकाठची (धागाकर्ती)

बूट आले! लांबट खुरासाठीचा साचा घेतला, पॅड नाही. आज खूर कापून घेतल्यावर पुढच्या दोन्ही पायांत चढवले. हाताने ढकलून थोडे अडले, मग रबरी हातोडीने टोकावर दोन टोले दिल्यावर बसले. कसं तपासू?

पागेवाले तात्या

थोडे अडून बसले हे चांगलं लक्षण.

पाय उचलून दोन्ही हातांनी बूट पिळून बघा, डावीकडे, उजवीकडे. खूर आणि बूट एकत्र फिरले पाहिजेत. बूट एकटा फिरला तर सैल. पुढे टोकाशी बोट जाईल एवढी फट नको. वरची कड केसांच्या सीमेच्या खाली राहिली पाहिजे, सगळीकडून. समोरून बघा, बुटाचा मध्य आणि खुराचा मध्य एका रेषेत आहेत का.

मग चालवा. सपाटीवर, मग दुडकीत सरळ, मग दोन्ही बाजूंना मोठं वर्तुळ, मग चढ, मग उतार. चढावर टाच सुटते का ते कळतं, उतारावर टोक आत घुसतं का ते. प्रत्येक टप्प्यानंतर थांबून बघा. पहिल्या दिवशी वीस मिनिटांच्या वर नको आणि पाठीवर कुणी बसू नका. सुरुवातीला ती पाय उंच उचलून टाकेल, तिला तळाचा नवा अंदाज घेऊ द्या.

भीमाकाठची (धागाकर्ती)

सगळं केलं. फिरत नाहीत. खडीवर नेलं आणि ती रस्त्याच्या मधून चालली! गवताची पट्टी शोधली नाही. मी आणि भाऊ एकमेकांकडे बघतच राहिलो.

एक शंका. डाव्या पायाला मागच्या गादीवर, पट्टा जिथे बसतो तिथे, केस थोडे उलटे झालेत. कातडी लाल नाही, ओली नाही.

सॅक्रामेंटोकर

वाचून किती बरं वाटलं, ताई! उलटे केस ही घासायची पहिली खूण आहे, इथेच थांबवता येतं. आधी पट्टा बघा, तो फार घट्ट असतो तेव्हाही घासतो आणि फार सैल असतो तेव्हाही. पट्ट्याखाली एक बोट आरामात जायला हवं. पट्ट्याच्या आतली शिवण किंवा कड टोचत असेल तर तिथे मऊ निओप्रीन (रबरी फोम) लावा. घालायच्या आधी गादी पूर्ण कोरडी आणि धूळमुक्त हवी, एक वाळूचा कण पुरेसा असतो. उद्या बूट घालू नका, परवा पुन्हा वीस मिनिटं आणि पुन्हा तपासा. केस गळाले किंवा कातडी गुलाबी झाली तर पूर्ण बरं होईपर्यंत बंद.

अश्ववैद्य

आणि काढल्यावर बूट उन्हात पालथे ठेवा, ओले एकमेकांत घालून नको. फ्रॉगच्या खाचांना रोज वास घ्या. काळपट, चिकट आणि कुजका वास आला तर खाच सडायला लागलीय. आपल्या पावसाळ्यात खूर आधीच भिजलेले असतात, त्यात बंद बूट तासन्‌तास ठेवले तर हे हमखास होतं. रपेट संपली की बूट काढायचे, पाच मिनिटांसाठी म्हणूनसुद्धा गोठ्यात तसेच ठेवायचे नाहीत.

कडेपठार

ताई, रविवारी येऊन बघू का? आमच्या एका काठेवाडीच्या खुराला खिळे धरत नाहीत, भिंत तुकड्या-तुकड्याने निघतेय. तात्या, तुमच्या पद्धतीने मापं घेऊन इथेच टाकतो. खूर उभट आहे, पुढचा उजवा डाव्यापेक्षा बराच अरुंद दिसतो.

पागेवाले तात्या

जरूर टाका. दोन्ही पुढच्या पायांचे बाजूचे फोटो आठवणीने द्या. एक पाय दुसऱ्यापेक्षा उभट आणि अरुंद असेल तर त्याला वेगळा साइज लागू शकतो, कधी वेगळं मॉडेलच. आणि खिळ्यांच्या चिरा असलेली भिंत आधी कानशीने नीट गोल करून घ्या, तुटकी कड धरून रुंदी मोजू नका.